नवा ड्रायव्हर, जुनं मैदान

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ ४८ वर्षांचे. चार वर्षांपासून गोल्फ खेळतात आणि हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, कमी तेवढा चांगला) २१ वर ठाण मांडून बसलंय. एवढ्या काळात तीन ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) आणि दोन आयर्न सेट (धातूच्या पातळ डोक्याचे, नंबर घातलेले क्लब) घेऊन झाले. दरवर्षी नवं मॉडेल, नवा बॉल, नवं तंत्र येतं. ही न संपणारी सुधारणा आणि तिच्या मागून येणारी खरेदी गोल्फला तारतेय की मारतेय, असं त्यांना विचारायचंय.

मी पुण्यात गेली २६ वर्षं क्लब दुरुस्तीचं आणि फिटिंगचं काम करतो. माझं अर्धं पोट नव्या मालावर चालतं आणि अर्धं जुन्यावर, तेव्हा माझं बोलणं थोडं चाळून घ्या. मी स्वतःपुरता एक निकष धरलाय. नवी गोष्ट आली की बघायचं, तिने खेळ स्वस्त नि सोपा केला, की जास्त जमीन मागितली? पहिलं केलं असेल तर माझी तक्रार नाही. दुसरं केलं असेल तर तिची किंमत दुकानातल्या बिलावर दिसत नाही. ती कुणीतरी दुसराच भरतो.

पहिल्या प्रकारचं सगळ्यात चांगलं उदाहरण पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा स्कॉटलंडमध्ये बॉल म्हणजे चामड्याची छोटी पिशवी, आणि तिच्यात टोपीभर उकडलेली पिसं ठासून भरलेली. कुशल कारागीर दिवसभर राबला तरी तीन-चारच बॉल व्हायचे. एका बॉलची किंमत एका क्लबपेक्षा जास्त पडायची, आणि पावसात भिजला की गेला. म्हणजे खेळायचं कुणी? ज्याला परवडेल त्याने. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा बॉल आला. मलायाकडच्या झाडाचा हा चीक गरम पाण्यात मऊ करायचा, हाताने वळायचा, की झाला बॉल. चेपला तर परत गरम करून वळायचा. सेंट अँड्र्यूजमध्ये एक दंतकथा सांगतात, की पूर्वेकडून आलेल्या विष्णूच्या मूर्तीभोवती पॅकिंग म्हणून हा चीक भरलेला होता आणि त्यातून कुणाला तरी बॉलची कल्पना सुचली. खरं-खोटं विष्णूलाच माहीत.

पण पुढचं खरं आहे. अ‍ॅलन रॉबर्टसन हा तिथला नावाजलेला खेळाडू आणि पिसांच्या बॉलचा कारागीर. त्याच्या हाताखाली टॉम मॉरिस शिकत होता. टॉम गटापर्चाच्या बॉलने खेळताना दिसला आणि दोघांचं फाटलं. टॉम १८५१ मध्ये प्रेस्टविकला गेला, आणि तिथेच १८६० मध्ये पहिली ओपन, म्हणजे ब्रिटनची मोठी गोल्फ स्पर्धा, झाली. रॉबर्टसनच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. धंद्यावर टाच येत होती. पण त्या स्वस्त बॉलमुळे गोल्फ सामान्य माणसाच्या हातात आला. नंतर लोकांच्या लक्षात आलं की गुळगुळीत बॉलपेक्षा वापरून ओरखडे पडलेला बॉल नीट उडतो. आजच्या बॉलवरच्या खळ्यांचं मूळ तिथे आहे. ही सुधारणा कुठल्याही प्रयोगशाळेत लागलेली नाही, वापरता वापरता सापडली.

मग १८९८ च्या आसपास अमेरिकेत कोबर्न हास्केलने रबराचा धागा ताणून गुंडाळलेला बॉल काढला. १९०२ साली इंग्लंडमधल्या हॉयलेकच्या मैदानावर सँडी हर्डने तो बॉल वापरून ओपन जिंकली आणि गटापर्चाचे दिवस संपले. हास्केलचा बॉल जास्त लांब जायचा, खेळायला मजा यायची, साध्या खेळाडूलाही बरा वाटायचा. पण माझ्या निकषाची दुसरी बाजू इथूनच सुरू होते. बॉल लांब जायला लागला, म्हणून टी, म्हणजे प्रत्येक होलचा पहिला फटका मारायच्या जागा, मागे सरकायला लागल्या. हॉयलेक लक्षात ठेवा, पुढे परत लागेल.

स्टीलच्या शाफ्टबद्दल, म्हणजे क्लबच्या दांड्याबद्दल, फार बोलत नाही. ब्रिटनमध्ये त्याला १९२९ मध्ये मान्यता मिळाली. हिकरीच्या लाकडाचे दोन शाफ्ट कधी सारखे नसायचे, स्टीलचे सारखे निघतात. सुधारणा चांगली, वाद नाही.

माझ्या धंद्यातला खरा देव म्हणजे कार्स्टन सोल्हाइम. जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनियर. स्वतःचं पटिंग (बॉल जमिनीवरून भोकात ढकलणं) वाईट, म्हणून १९५९ मध्ये घरच्या गॅरेजमध्ये पटर बनवला, आणि त्यातून पिंग कंपनी उभी राहिली. त्याची कल्पना सांगतो. डोंबारी दोरीवरून चालताना हातात लांब बांबू आडवा धरतो. वजन मधोमध गोळा न होता दोन्ही बाजूंना लांब पसरलेलं असलं की बांबू पटकन कलंडत नाही, आणि डोंबारी तोल सांभाळतो. सोल्हाइमने क्लबच्या डोक्यातलं वजन मधून काढून कडेला नेलं. त्यामुळे बॉल टोकाला किंवा टाचेला लागला तरी डोकं कमी वळतं आणि फटका फार वाया जात नाही. जुना घडीव ब्लेड आयर्न टोकाला लागला की हाताला विजेसारखी झिणझिणी यायची आणि बॉल वीस यार्ड अलीकडे पडायचा. ज्याला आठवड्यातून एकदाच खेळता येतं, त्याच्यासाठी या कडेच्या वजनाने गोल्फ खेळण्यासारखा केला. तुमच्या बॅगेतले दोन्ही आयर्न सेट ओतीव असणार आणि दोन्हींत ही कल्पना आहे. म्हणजे पहिल्या सेटमध्ये होती तीच दुसऱ्यातही. दुसरा कशाला घेतलात, ते मात्र मला कळलं नाही.

आता ड्रायव्हरकडे येतो, कारण तुमचे पैसे तिथे जास्त गेलेत.

ड्रायव्हरचं डोकं ४६० घन सेंटिमीटरपेक्षा मोठं करता येत नाही आणि चेहऱ्याच्या, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूच्या, स्प्रिंगसारख्या परिणामालाही मर्यादा आहे. ही मर्यादा ०.८३ या आकड्याने ओळखतात. दोन्ही नियम साधारण २००४ पासून पक्के आहेत. याचा अर्थ असा, की बॉल चेहऱ्याच्या बरोबर मध्यावर लागला, तर वीस वर्षांपूर्वीचा चांगला ड्रायव्हर आणि या वर्षीचा ड्रायव्हर बॉलला जवळपास सारखाच वेग देतात. कायद्याने त्यांना तसं बांधूनच ठेवलंय. कंपन्यांनी नंतर जे कमावलं ते मध्य चुकल्यावरचं. तिथे खरोखर काम झालंय आणि ते मी नाकारणार नाही. पण दरवर्षीच्या जाहिरातीतले यार्ड एकाखाली एक मांडून बेरीज केली, तर एव्हाना येरवड्यात मारलेला बॉल हडपसरला पडायला हवा होता.

आयर्नची गोष्ट आणखी मजेची आहे. परवा एक गृहस्थ नवा सेट घेऊन आले. चेहरा उजळलेला. "सात नंबर एकशे साठ जातोय!" मी काही बोललो नाही. त्यांचा नवा सात नंबर लॉफ्ट-लाय मशीनच्या, म्हणजे क्लबचे कोन मोजायच्या यंत्राच्या, जबड्यात बसवला, स्क्रू आवळला, काटा स्थिर होऊ दिला. २८ अंश. मग कपाटातून माझा तीस वर्षांपूर्वीचा घडीव सेट काढला. त्यातला सात नंबर ३५ अंश. मग त्याच सेटमधला पाच नंबर लावला. २८ अंश. गृहस्थ थोडा वेळ काट्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे मी पाच नंबर मारतोय?" जवळपास तसंच. क्लबच्या चेहऱ्याचा कल, म्हणजे लॉफ्ट, जितका कमी तितका बॉल लांब जातो, आणि नंबर लहान तसा लॉफ्ट कमी. वर शाफ्टही अर्ध्या इंचाने लांब. पाटी तेवढी सातची.

एक गोष्ट कंपन्यांच्या बाजूने सांगायला हवी, नाहीतर मी लबाड ठरेन. नव्या डोक्यांत वजन खाली असतं, त्यामुळे लॉफ्ट कमी असूनही बॉल वर चढतो. सगळीच हातचलाखी नाही. पण वर चढणं आणि ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, थांबणं या दोन गोष्टी वेगळ्या. फिरकी कमी असेल आणि तुमचा वेगही कमी असेल, तर बॉल ग्रीनवर टप्पा घेतो आणि मागच्या रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात, निघून जातो. मग चिपचा छोटा फटका, मग पटरचे दोन फटके. स्कोअर तोच, फक्त बॉल आता पलीकडच्या बाजूला जातो.

आणि त्यातून पुढची खरेदी निघते. सात नंबर २८ चा झाला की पिचिंग वेज (वेज म्हणजे जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) ४३ वर येतो. पूर्वी तो ४८-५० चा असायचा. सँड वेज मात्र अजून ५६ वरच. मध्ये १३ अंशांची दरी पडते आणि ती भरायला 'गॅप वेज' विकत घ्यावा लागतो. खड्डा त्यांनीच खणला, भरावही तेच विकतात. बॅगेत १४ क्लबची मर्यादा १९३८-३९ पासूनची, ती काही वाढलेली नाही. मग वरचा एखादा लांब आयर्न बाहेर पडतो, त्याच्या जागी हायब्रिड (आयर्न आणि वूड यांच्या मधला क्लब) येतो, आणि तोही विकतच घ्यायचा. उपभोगाचं चक्र म्हणजे काय, हे मला कुठल्या पुस्तकापेक्षा या काट्याने जास्त नीट शिकवलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ द्या, पैसा तुमचा, हौस तुमची. कुणी घड्याळं घेतं, कुणी पैठण्या घेतं. पण लांबीचा प्रश्न तुमच्या खिशापाशी थांबत नाही.

अमेरिकेच्या पीजीए टूरवर १९८० मध्ये ड्राइव्हची सरासरी साधारण २५७ यार्ड होती. २००३ पर्यंत ती २८६ वर गेली आणि आता ३०० ला टेकलीये. टायटॅनियमची मोठी डोकी, २००० च्या शेवटी आलेले प्रो व्ही-वनसारखे बॉल, व्यायामाने कमावलेली शरीरं, सगळ्यांचा त्यात हात आहे. परिणाम काय? मास्टर्स स्पर्धा जिथे होते त्या ऑगस्टा नॅशनलने शेजारच्या क्लबकडून जमीन घेतली आणि २०२३ मध्ये तेरावं होल ३५ यार्डांनी लांबवून ५४५ चं केलं. त्यांच्याकडे पैसा आहे, ते करू शकतात. पुण्या-मुंबईत शेजाऱ्याची जमीन म्हणजे कुणाची तरी सोसायटी, नाहीतर रस्ता. कुंपणाची भिंत मागे सरकत नाही. मग जाळ्या उंच होतात, टी तिरक्या फिरवाव्या लागतात आणि एखादं जुनं झाड 'सेफ्टी'साठी जातं. जिथे जागा आहे तिथे लांबलेल्या फेअरवेला (टी ते ग्रीन यांच्या मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला) पाणी जास्त, खत जास्त, गवत कापायला डिझेल जास्त, आणि चार तासांची फेरी पाच तासांची.

बरं, लांब केल्याने मैदान अवघड होतं असंही नाही. २०१३ ची यूएस ओपन मेरियनला झाली. मैदान सात हजार यार्डांच्याही आतलं. जस्टिन रोझ एक ओव्हर पारने जिंकला, म्हणजे पारच्या, ठरवून दिलेल्या फटक्यांच्या, खाली संपूर्ण स्पर्धेत कुणीच राहिलं नाही. २०१७ ची एरिन हिल्सला झाली, मैदान ७,७०० यार्डांहून लांब. ब्रूक्स कोप्का १६ अंडर पारने जिंकला. वारा, जमिनीची घडण, ग्रीनचा उतार आणि अरुंद फेअरवे यांनी मैदान राखलं जातं. यार्ड वाढवून फक्त चालणं वाढतं.

म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये यूएसजीए आणि आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी बॉलची चाचणी कडक करायचं जाहीर केलं, तेव्हा मला बरं वाटलं. चाचणीत बॉलने ३१७ यार्डांपलीकडे जायचं नाही, ही हद्द तीच ठेवली, पण चाचणीतला क्लबचा वेग ताशी १२० वरून १२५ मैल केला. त्यांच्या अंदाजाने सगळ्यात लांब मारणाऱ्यांचे १३ ते १५ यार्ड जातील आणि आपल्यासारख्यांचे फार तर पाच. पाच यार्डांसाठी क्लबहाउसमध्ये केवढा गदारोळ चालतो! त्याच लोकांच्या ग्रिप, म्हणजे क्लबच्या मुठीवरची रबरं, मी बघतो. दोन-दोन वर्षांच्या घामाने चकचकीत झालेल्या, हातात निसटणाऱ्या. क्लब निसटू नये म्हणून मुठी आवळल्या जातात, मनगटं आखडतात, आणि पाचापेक्षा जास्त यार्ड तिथेच सांडतात.

मैदानाच्या 'सुधारणे'बद्दल एक बोलून घेतो, कारण त्यावर माझा जीव जळतो. एप्रिलमध्ये टीव्हीवर मास्टर्स बघायचं आणि मेमध्ये आपल्या कमिटीला विचारायचं, आपलं मैदान असं हिरवं का नाही? अहो, आपली हरळी उन्हाळ्यात पिवळी पडते आणि जूनच्या दुसऱ्या पावसात परत उठते. हा तिचा स्वभाव आहे, रोग नाही. कडक, पिवळ्या फेअरवेवर बॉल तीस-चाळीस यार्ड घरंगळतो, आणि तो कुठे घरंगळेल याचा विचार करावा लागतो. आता हॉयलेक आठवा. २००६ ची ओपन तिथे झाली तेव्हा कडक उन्हाळ्याने मैदान भाकरीसारखं भाजून निघालं होतं. टायगर वूड्सने चार दिवसांत ड्रायव्हर फक्त एकदा बाहेर काढला. बाकी टीवरून आयर्न आणि फेअरवे वूड, बॉल जमिनीवरून पळवत न्यायचा, बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, टाळायचे. आणि जिंकला. त्या काळातला सगळ्यात ताकदवान खेळाडू, बॅगेत जगातला उत्तम ड्रायव्हर, आणि तो वापरलाच नाही. पिवळ्या गवताने खेळ बिघडत नाही, उलट त्यात डोकं घालावं लागतं.

स्वतःच्या खेळातली सुधारणा, म्हणजे धडे, व्हिडिओ, रडारची यंत्रं, ती मी वेगळी ठेवतो. तिथे खरी भर पडलीये. आम्ही शिकलो तेव्हा सांगायचे, बॉल क्लबच्या मार्गाच्या दिशेने निघतो आणि मग चेहऱ्याच्या दिशेने वळतो. रडार आल्यावर कळलं की उलट आहे: बॉल मुख्यतः चेहरा जिकडे बघतो तिकडेच निघतो. कित्येक वर्षं लोक चुकीच्या निदानावर औषध घेत होते. असं ज्ञान कुणी विकलं तर जरूर घ्या. पण सरावाच्या जाळीत प्रत्येक फटक्यानंतर यंत्राच्या पडद्याकडे वळणारी माणसंही मी बघतो. बॉल कुठे गेला हे डोळ्याने बघायचंच विसरलेत.

आता ज्यामुळे मी या खरेदीला सरसकट शिव्या घालू शकत नाही, ते सांगतो. तुमच्यासारख्यांनी टाकलेला माल कुठे जातो, ते मला माहीत आहे. एका कॅडीचा (खेळाडूची बॅग वाहणाऱ्याचा) मुलगा माझ्याकडे येतो, वय तेरा, उंची जेमतेम पाच फूट. गेल्या वर्षी बापाला एका मेंबरने तीन वर्षं जुना ड्रायव्हर दिला. नवा घ्यायचा तर आयात शुल्क, कर धरून बापाच्या कित्येक महिन्यांची कमाई. पोराने तो माझ्या बाकावर ठेवला, तेव्हा ग्रिपची रबरं सुटलेली होती. मी आकडीच्या पात्याने ग्रिप उभी चिरली, सोलून काढली, जुनी टेप खरवडली. वरच्या टोकाला मास्किंग टेप गुंडाळून चकतीच्या करवतीने अडीच इंच शाफ्ट उडवला. शाफ्ट कापला की थोडा कडक लागतो आणि डोकं हातात हलकं वाटतं. मोठ्या माणसासाठी मी डोक्याला शिशाची टेप लावून ते भरून काढलं असतं, पण पोराला हलकंच बरं. नवी टेप, वर थिनर, आणि एका दमात ग्रिप सरकवली. चार तास सुकू दे म्हटलं, तर अर्ध्या तासाने अंगणात फिरवत होता.

चेंबूरला गोल्फ मैदानालगतच्या वस्तीतली पोरं बांधकामाची सळई वाकवून तिचाच क्लब करतात आणि प्लास्टिकच्या बॉलने गल्लीत खेळतात. त्यांत कॅडी पण आहेत. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर दिल्लीत कॅडी म्हणूनच खेळाच्या आत आला. आपल्याकडे या खेळाची मागची दारं अशी आहेत, आणि तिथपर्यंत माल पोचतो तो कुणाच्या तरी हौसेमुळे. तळ्यात बुडालेला, डझनाला चार आकडी किंमत असलेला बॉल पोरं चिखलातून काढतात, धुतात आणि नगावर विकतात. त्यातून त्यांची सरावाची पिशवी भरते. माझा निकष इथे थोडा लंगडा पडतो, हे कबूल करतो. जी खरेदी मैदानाला लांबवते, तीच या पोराच्या हातात ड्रायव्हर ठेवते.

तेव्हा तुमच्यापुरतं सांगायचं तर असं. चौथा ड्रायव्हर घेऊ नका. आहेत ते तिन्ही घेऊन या. २१ हँडिकॅपच्या माणसाच्या बॅगेत मला बहुतेक वेळा ९ किंवा साडेनऊ अंशांचा आणि स्टिफ, म्हणजे कडक, शाफ्टचा ड्रायव्हर सापडतो, कारण दुकानात तोच 'प्रो'चा म्हणून पुढे केला जातो. तुमचा वेग ताशी ८५ मैलांच्या आसपास असेल, तर तुम्हाला ११-१२ अंश आणि रेग्युलर शाफ्ट लागेल. तिघांपैकी एकाचं डोकं फिरवून किंवा शाफ्ट बदलून ते होईल. आयर्नच्या तळाला टेप लावून लाकडी फळीवरून दहा बॉल मारा, खूण टाचेकडे पडते की टोकाकडे ते बघू आणि लाय, म्हणजे दांड्याचा जमिनीशी असलेला कोन, वाकवू. ओतीव आयर्न एखाद-दोन अंशांपेक्षा जास्त वाकवत नाही, मोडतो. तेवढं बहुधा पुरतं. सगळ्या ग्रिप बदलू. एकूण खर्च नव्या ड्रायव्हरच्या पाव हिश्शातही बसेल. उरलेले पैसे शंभर यार्डांच्या बाहेरचे फटके कोचकडून शिकण्यात घाला. स्कोअरमधला बराचसा फरक तिथे पडतो. पटिंगवर सगळा खेळ, हे क्लबहाउसमधलं बोलणं आकडेवारीने केव्हाच मोडीत काढलंय.

उरलेले दोन ड्रायव्हर ऑनलाइन विकायला टाकू नका, येतील ते पैसे फार नाहीत. तुमच्या कॅडी मास्टरला विचारा, पंधराच्या आतली कोण पोरं पहाटे रेंजवर येतात. त्यांची उंची मला कळवा, शाफ्ट मी फुकट कापून देईन. ग्रिपचे पैसे मात्र तुम्ही द्यायचे.